मदत हवी आहे: मांडीतल्या गोळीच्या जखमेला १० टक्केच?

माझा भाचा अमेरिकी लष्करात होता. अफगाणिस्तानात गोळी मांडीतून आरपार गेली. तिथल्या माजी सैनिकांच्या खात्यानं (VA) स्नायू गट १४ (मांडीच्या पुढच्या भागातले स्नायू), इजा ‘मध्यम’ म्हणून १० टक्के अपंगत्व ठरवलंय. एक पायरी वर धरली असती तर थेट ३०. जखम चिघळली होती, दोनदा आतून साफ करावी लागली, पण निकालात त्याचा उल्लेखच नाही! (तपासणी किती मिनिटांत उरकली, ते विचारू नका.)

खात्यातल्या वरिष्ठांकडे निकालाची फेरतपासणी मागितली तर नवा पुरावा चालत नाही. मग रणांगणावरच्या इस्पितळाच्या नोंदी जोडून पूरक दावाच करावा ना? त्या नोंदी कुणी मिळवल्यात का, कशा? निकालानंतरच्या वर्षाच्या मुदतीतले चारच महिने उरलेत.