स्कूटरच्या पॅनेलला तडा: हॉट स्टेपलरच्या पिना पुरेशा आहेत का?

प्रश्न: माझ्या स्कूटरच्या पुढील पॅनेलला स्क्रूच्या छिद्रापासून तडा गेला असून तो हळूहळू वाढत आहे. हॉट स्टेपलरने (धातूच्या पिना तापवून प्लास्टिकमध्ये रुतवणाऱ्या उपकरणाने) नागमोडी पिना बसवल्यास जोड टिकेल, की वेल्डिंगही (प्लास्टिक वितळवून सांधणे) करावे लागेल?

पहिले उत्तर: पिना केवळ दोन्ही कडा एकत्र धरून ठेवतात, त्यांनी तडा भरून निघत नाही. प्रथम पॅनेलच्या आतील बाजूस कोरलेली प्लास्टिकच्या जातीची खूण पाहावी, कारण एबीएस जातीच्या प्लास्टिकवर पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या जातीची वेल्डिंगची कांडी वितळवली तर ती चिकटल्यासारखी दिसते, पण थंड झाल्यावर सोलून निघते. तड्याच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडल्यास तो सहसा पुढे सरकत नाही. पिना मागून बसवाव्यात, पुढून व्ही आकाराची खाच पाडावी आणि ती त्याच जातीच्या कांडीने भरावी. पिन फार तापवू नये; प्लास्टिक जळून ठिसूळ होते.

दुसरे उत्तर: एबीएस असल्यास त्याचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा बारीक तड्याला, माझ्या मते, वेल्डिंगपेक्षा सोयीचा ठरतो. मात्र ॲसिटोन ज्वलनशील असल्याने तापलेल्या उपकरणाजवळ डबी उघडू नये.

प्रश्नकर्ता: खूण एबीएसचीच आहे. परंतु छिद्राभोवती पिनांना जागाच नाही.

पहिले उत्तर: तिथे स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा तापवून मागून प्लास्टिकमध्ये दाबावा, वर एबीएसचा थर द्यावा आणि छिद्र नव्याने पाडावे. स्क्रू मात्र बेताने आवळावा. तडा बहुधा तिथल्याच ताणामुळे सुरू झाला असावा.