हार्ड डिस्कमध्ये पेंडिंग सेक्टर दिसतायत, वॉरंटीत बदलून घेऊ का? आणि पुढची कुठली घ्यावी?

शिळीभाकरी: ४ टीबीची डिस्क आहे, वॉरंटी बाकी आहे. हल्ली फोटोंचा एक फोल्डर उघडला की कॉम्प्युटर अडकून बसतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं कॉशन आलंय, करंट पेंडिंग सेक्टरपुढे आधी शून्य असायचं, आता १० दिसतंय. कंपनीच्या सपोर्टला विचारलं तर म्हणे फुल फॉरमॅट करून बघा. पण अर्ध्याच फोटोंची दुसरी कॉपी आहे हो! काय करू?

रात्रपाळी: फॉरमॅट अजिबात करू नका, प्लीज. सेक्टर म्हणजे डिस्कवरची डेटा ठेवायची छोटी जागा, पेंडिंग म्हणजे ती जागा डिस्कला वाचता येत नाहीये आणि तिथे काहीतरी नवीन लिहिलं जाईपर्यंत ती तशीच लटकून राहणार. फॉरमॅटमध्ये तिथे लिहिलं जातं, मग ती जागा एकतर सुधारते नाहीतर डिस्क तिच्याऐवजी राखीव सेक्टर वापरते, आकडा खाली येतो आणि सपोर्टवाल्यांच्या दृष्टीने विषय संपला, पण तुमचे फोटो गेलेच ना. आधी ज्याची कॉपी नाही ते दुसऱ्या डिस्कवर घ्या, अडकणारा फोल्डर सगळ्यात शेवटी. तो निघालाच नाही तर लिनक्सवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून डेटा काढायचं टूल चालवा, ते आधी चांगला भाग उचलतं आणि मग खराब भागाच्या मागे लागतं, मॅपफाइल (कुठवर काम झालं त्याची नोंद) दिली असेल तर मधे बंद पडलं तरी तिथून पुढे सुरू होतं. टक टक आवाज यायला लागला तर मात्र लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, झाकण घरी उघडू नका.

आणि ते १० बहुतेक हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायाची मोजणी) आहे, म्हणजे खरे १६. सेटिंगमध्ये बदलता येतं.

उंबरठा: क्लेमचं सांगते. लेबलवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, वॉरंटी किती उरलीये ते कळेल. तिथे ओईएम (म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला विकलेली डिस्क) असं आलं तर कंपनी सहसा थेट घेत नाही, ज्याने विकली त्याच्याकडेच जावं लागतं. कॉपी झाल्यावर कंपनीच्याच टूलने लाँग टेस्ट करा, फेल झाली की जो कोड येतो तो आणि स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्क्रीनशॉट मेलमध्ये जोडा, मग फॉरमॅट करा वगैरे ऐकवत नाहीत फारसं. बदल्यात बऱ्याचदा दुरुस्त केलेली डिस्क येते, तुमची परत येत नाही, त्यामुळे पाठवण्याआधी पूर्ण पुसून घ्या. अँटिस्टॅटिक पिशवी आणि चारी बाजूंनी फोम हवाच, पॅकिंग नीट नसेल तर क्लेम नाकारू शकतात.

शिळीभाकरी: खूप आभार दोघांचे, कॉपी लावलीये. नवीन कुठल्या कंपनीची घेऊ?

रात्रपाळी: हार्ड डिस्क बनवणारे आता तीनच उरलेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. कंपनीपेक्षा मॉडेल बघा. बॅकब्लेझवाले (ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी) २०१३ पासून त्यांच्या डिस्क किती बंद पडल्या ते मॉडेलवार छापतात, एकाच कंपनीचं एक मॉडेल भरवशाचं आणि दुसरं सारखं मरणारं असं त्यात सरळ दिसतं. नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेली स्टोरेजची पेटी) टाकणार असाल तर सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे ना ते डेटाशीटमध्ये बघून घ्या, २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलमध्ये न सांगता एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, त्यामुळे पुन्हा लिहिताना हळू पडणारी पद्धत) दिल्याचं उघड झालं होतं. तुमच्या जागी मी एक भारीतली घेण्यापेक्षा दोन साध्या घेईन आणि दुसरीवर कॉपी घेऊन ती एरवी काढून ठेवीन.