वॉशिंग मशीनवर वारंवार ‘ओई’ येते: बोर्ड बदलावा की आधी आणखी काही तपासावे?

प्रश्न (सिंहगड रस्ता)

नमस्कार. आमच्याकडे पुढून दार असलेले, सात किलोचे वॉशिंग मशीन आहे आणि आजवर त्याने कधी त्रास दिला नव्हता. अलीकडे मात्र धुणे संपत आले की, म्हणजे शेवटचे खळबळणे झाल्यावर आणि पिळण्याआधी, मशीन थांबते, बीप वाजते आणि पडद्यावर ‘ओई’ अशी अक्षरे येतात. बंद करून पुन्हा चालू केले की कधी ते पुढे सरकते, कधी तिथेच अडते. घरी आलेल्या मेकॅनिकने मागचे झाकणही न काढता, दोन-चार बटणे दाबून, ‘बोर्ड गेला आहे, नवीन टाकावा लागेल’ असे सांगितले. वॉरंटी संपलेली आहे आणि बोर्डाचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा, सांगितलेला खर्च मोठा आहे.

या कोडचा नेमका अर्थ काय, घरच्या घरी काय तपासणे सुरक्षित आहे आणि बोर्ड बदलण्याआधी मेकॅनिकला कोणते प्रश्न विचारावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. पावसाळ्यात ओले कपडे हाताने पिळून वाळवणे फार अवघड झाले आहे.

प्रतिसाद (कोथरूड)

ताई, बोर्डाला होकार देण्याची घाई करू नका. मी बरीच वर्षे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मशीन जो कोड दाखवते तो कोणता भाग बिघडला हे सांगत नाही; मशीनने केलेली कोणती तपासणी अपेक्षेप्रमाणे पार पडली नाही, एवढेच तो सांगतो. पाणी बाहेर टाकण्याचा आदेश दिल्यावर ठरावीक मिनिटांत ड्रममधील पातळी खाली आली नाही, की मशीन कोड दाखवून थांबते. पातळी खाली का आली नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. फिल्टर तुंबला असेल, पाइप दुमडला असेल, पंप अडला असेल किंवा पाणी प्रत्यक्षात गेले असूनही पातळी मोजणारा सेन्सर चुकीचे सांगत असेल, तरी या चारही कारणांसाठी पडद्यावर अक्षरे तीच येतात. म्हणून कोड पाहून थेट बोर्डाचे नाव घेणाऱ्याने मधले सगळे टप्पे वगळलेले असतात.

दुसरे असे की, ही अक्षरे सर्व कंपन्यांत सारखी नसतात. एलजीच्या मशीनवर ‘ओई’ म्हणजे पाणी बाहेर जात नाही, तर सॅमसंगच्या मशीनवर ‘ओई’ किंवा ‘ओसी’ म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर भरले आहे. दोन्ही अर्थ जवळजवळ उलट आहेत. ‘एलई’चेही तसेच: एलजीत ते मोटर अडल्याचे, तर सॅमसंगमध्ये गळतीचे चिन्ह आहे. सॅमसंग पाणी बाहेर न जाण्यासाठी ‘5ई’ किंवा ‘5सी’ दाखवते आणि त्यातला 5 पडद्यावर इंग्रजी एस या अक्षरासारखाच दिसतो. बॉशमध्ये त्याच तक्रारीसाठी ‘ई18’ येते. त्यामुळे इंटरनेटवर नुसता कोड शोधून दुसऱ्याच कंपनीचा उपाय करण्यापेक्षा आपल्या मशीनसोबत आलेले माहितीपत्रक काढून त्यातील तक्ता पाहा. पत्रक हरवले असेल, तर दाराच्या कडेला किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक टाकून ते कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. आणि मशीन बंद करण्याआधी पडद्याचा फोटो नक्की काढून ठेवा, कारण वीज बंद केली की कोड पुसला जातो.

तुमच्या मशीनच्या पत्रकात ‘ओई’चा अर्थ पाणी बाहेर न जाणे असाच असेल, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. तसे असल्यास एक गोष्ट आधी पाहा: कोड आलेला असताना दाराच्या काचेतून ड्रममध्ये पाणी दिसते का? पाणी असेल, तर अडथळा फिल्टर, पंप किंवा पाइप यांत आहे. ड्रम रिकामा असूनही कोड येत असेल, तर पातळी मोजणाऱ्या यंत्रणेकडे लक्ष द्यावे लागेल. ड्रमभोवतीच्या बाहेरच्या टाकीच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते, तिच्यातून बारीक रबरी नळी वर सेन्सरपर्यंत जाते आणि पाण्याच्या उंचीप्रमाणे त्या नळीतील हवेचा दाब बदलतो. कुपीच्या तोंडाशी साबणाचा आणि कपड्यांच्या बोंड्याचा थर साचला, की दाब आत कोंडून राहतो आणि मशीनला पाणी अजून आहे असेच वाटत राहते. हाताने धुण्याची जास्त फेसाची पावडर वापरली, तरी फेसामुळे असाच घोटाळा होतो.

पाणी दिसत असेल, तर पुढचे काम तुम्ही स्वतः करू शकता. प्लग काढा आणि नळ बंद करा. गरम पाण्याचे धुणे लावले असेल, तर पाणी थंड होईपर्यंत थांबा. पुढे खालच्या कोपऱ्यात एक छोटे झाकण असते. त्याच्या आत बहुतेक मशीनमध्ये एक बारीक नळी आणि शेजारी फिरवून काढायचा फिल्टर असतो. खाली पसरट ताट आणि जुने टॉवेल ठेवून आधी त्या नळीने सगळे पाणी काढा आणि मगच फिल्टर सैल करा. फिल्टर निघाल्यावर त्या पोकळीत टॉर्च मारून पंपाचा छोटा पंखा पाहा. नाणी, केसांच्या पिना, सेफ्टी पिना, बाळाचे मोजे, परकराच्या नाड्या, साडीच्या फॉलचे धागे असे सगळे तिथे सापडते. पिना असू शकतात, त्यामुळे बोट न घालता चिमट्याने किंवा लाकडी काडीने पंखा हळूच फिरवून बघा. तो सलग न फिरता टप्प्याटप्प्याने अडखळत फिरतो. आत चुंबक असल्यामुळे तसे होते आणि तो दोष नाही. मात्र तो मुळीच हलत नसेल किंवा आसावर ढिला होऊन डुगडुगत असेल, तर पंप बदलण्याची वेळ आली आहे. पंपाची किंमत बोर्डाच्या मानाने बरीच कमी असते.

मागचे झाकण मात्र घरी काढू नका. इन्व्हर्टर मोटरच्या बोर्डावरील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही वेळ वीज साठलेली राहते. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी अर्थिंग तपासून घ्या आणि तोवर मशीन वापरू नका.

प्रतिसाद (औंध)

वरील माहितीत पाण्याच्या दाबाची भर घालतो, कारण आपल्या शहरात त्याची तक्रार फार आढळते आणि तिला मशीनचा दोष समजले जाते. पाणी येत नसल्याचा कोड, म्हणजे एलजीत ‘आयई’ आणि सॅमसंगमध्ये ‘4सी’ किंवा ‘4ई’, आमच्या इमारतीत प्रामुख्याने सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरांत येतो. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब. अनेक मशीनना किमान अर्ध्या बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा सुमारे पाच मीटर उंच हवी. गच्चीवरची टाकी आणि तिच्या लगेच खालचे घर यांत तेवढी उंची बहुधा नसते. अशा वेळी मेकॅनिकला बोलावण्याआधी प्रेशर पंपाचा विचार करावा.

महानगरपालिका गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तेव्हा दुसऱ्या दिवशी ते कमी दाबाने आणि कधी गढूळ येते, हे आपण सर्व जाणतोच. नळाकडून येणारा पाइप मशीनला मागे जोडलेला असतो तिथे बारीक जाळी असते. गढूळ पाण्याने किंवा टँकरच्या पाण्यातील बारीक वाळूने ती भरते. नळ बंद करून पाइप सोडवावा, जाळी पक्कडीने हळूच ओढून जुन्या टूथब्रशने धुवावी आणि पुन्हा नीट बसवावी. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी वापरात आहे त्यांनी ही जाळी अधिक वेळा पाहावी.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती, सिंहगड रस्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पत्रक सापडले, आमच्या मशीनमध्ये या कोडचा अर्थ पाणी बाहेर न जाणे असाच दिलेला आहे. कोड आला तेव्हा काचेतून पाणी स्पष्ट दिसत होते. सांगितल्याप्रमाणे पाणी काढून फिल्टर उघडला. फिल्टरला राखाडी लगदा चिकटलेला होता, तो धुतला. पंपाच्या पंख्याभोवती एक पांढरी नाडी गच्च गुंडाळलेली होती. ती चिमट्याने सोडवली, परंतु पंखा अजूनही एका बाजूला कलतो आणि पाणी काढताना घरघर असा आवाज येतो. पाणी आता जाते, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ सावकाश. यापुढे काय करावे?

प्रतिसाद (कोथरूड)

नाडीमुळे पंप अडून राहिला आणि त्याच अवस्थेत वीज मिळत राहिल्याने आसाजवळचा भाग झिजला असावा. पंप बदलणे उचित ठरेल. त्याआधी आणखी एक पाहून घ्या: बाहेरचा पाइप भिंत आणि मशीन यांच्या मध्ये दाबला गेला आहे का आणि त्याचे टोक सांडपाण्याच्या नळीत फार खोल घातलेले आहे का? पुढून दार असलेल्या मशीनमध्ये या पाइपचे टोक सर्वसाधारणपणे जमिनीपासून 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर असावे लागते. ते जमिनीवर सोडून दिले, तर मशीन भरत असतानाच पाणी ओढले जाऊन निघून जाते आणि मग भलताच, पाणी न येण्याचा, कोड दिसू लागतो. स्नानगृहाची फरशी नव्याने बसवल्यावर किंवा घर बदलल्यावर या चुका हमखास होतात.

नवीन मेकॅनिकला बोलावताना त्याला कोड सांगण्याबरोबर तुम्ही काय पाहिले तेही सांगा: ड्रममध्ये पाणी होते, फिल्टर साफ केला, पंखा कलतो, आवाज येतो. पंपापर्यंत वीज पोहोचते का, हे मीटर लावून तपासण्याची मागणी करा. वीज पोहोचत असूनही पंप फिरत नसेल, तर दोष पंपात आहे. वीजच पोहोचत नसेल, तर आधी वायर आणि तिची जोडणी पाहावी आणि त्यानंतरच बोर्डाचा प्रश्न येतो. तळमजल्यावरील घरांत उंदीर मशीनखालून शिरून वायरी कुरतडतात, तेव्हाही बोर्डावरच आळ येतो. बदललेला जुना भाग आपल्याकडे ठेवा आणि बिलावर भागाचे नाव, त्याची किंमत, मजुरी आणि दुरुस्तीची हमी किती दिवसांची आहे हे लिहून घ्या. कोणी लेखी बिल देण्यास नकार दिला, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. बिल देऊनही फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

सुटा पंप स्वतः आणायचा असेल, तर जुना पंप आणि मॉडेल क्रमांक सोबत घेऊन बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चौकशी करण्यास हरकत नाही. मात्र दिसायला सारख्या पंपांची बसण्याची जागा आणि जोडणी वेगळी असू शकते, म्हणून नुसत्या फोटोवरून घेऊ नका.

प्रतिसाद (हडपसर)

याच विषयाला धरून विचारतो. आमचे मशीन वरून झाकण उघडणारे आहे. त्यावर कधी पाणी न जाण्याचा, तर कधी ‘यूई’ असा कोड येतो. खाली फिल्टरचे झाकण कुठेच दिसत नाही. मग तपासणी कशी करावी?

प्रतिसाद (कोथरूड)

वरून उघडणाऱ्या पुष्कळ मशीनमध्ये पंप नसतोच. तळाशी एक झडप असते, छोटी मोटर तिला ओढून उघडते आणि पाणी स्वतःच्या वजनाने वाहून जाते. त्यामुळे तुमचा पाइप जमिनीलगत आणि उताराने गेलेला असला पाहिजे. तो मध्येच उंबऱ्यावरून किंवा कट्ट्यावरून चढवला असेल, तर पाणी अडणारच. वर सांगितलेली 60 ते 100 सेंटिमीटरची उंची अशा मशीनला मुळीच लागू नाही, हे ध्यानात ठेवा. पाइप ठीक असूनही पाणी अडत असेल, तर झडपेत कापड किंवा नाणे अडकले आहे का, किंवा तिला ओढणारी मोटर चालते का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

‘यूई’ हा कपड्यांचे वजन एका बाजूला गेल्याचा कोड आहे. एकटी गोधडी, एकटी जाड चादर किंवा पायपुसणे घातले की ते पाणी शोषून एकीकडे गोळा होते आणि मशीन वेग घेण्याचे टाळते. सोबत दोन-तीन टॉवेल घालून भार वाटून घ्या, मशीन चारही पायांवर समपातळीत आहे ना, हे पाहा आणि पाय स्थिर केल्यावर त्यांचे नट घट्ट करा. हलक्या कपड्यांनाही हाच कोड येत राहिला, तर टब ज्या चार दांड्यांवर तोललेला असतो त्या सैल झाल्या आहेत का, हे तपासावे लागते. पुढून उघडणारे मशीन नवे असेल किंवा नुकतेच दुसऱ्या घरी हलवले असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढायचे राहिले नाहीत ना, हे आधी बघावे. ते तसेच ठेवून मशीन पिळण्यासाठी चालवले, तर भयंकर हादरे बसतात.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती, सिंहगड रस्ता)

दुसऱ्या मेकॅनिकने मीटर लावून पाहिले; पंपापर्यंत वीज नीट पोहोचत होती, म्हणून बोर्डाला हात न लावता फक्त पंप बदलला. जुना पंप आणि तपशीलवार बिल दोन्ही माझ्याकडे आहे. बाहेरचा पाइपही भिंतीशी थोडा दबलेला होता, तो मशीन पुढे ओढून सरळ केला. आता पाणी पूर्वीच्याच वेगाने जाते आणि कोड आलेला नाही. नाडीचे कपडे आता आम्ही जाळीच्या पिशवीत घालून धुतो. अशा चेन असलेल्या पिशव्या भांड्यांच्या आणि घरगुती वस्तूंच्या दुकानांत सहज मिळतात.