मदत हवी आहे: एरवी बंदच असणारी तेलावरची वीजकेंद्रे ऐन वेळी सुरू कशी होतात?

नमस्कार.

केरळच्या वीजव्यवस्थेवर लेख लिहिताना एका मुद्द्यावर अडलो आहे. डिझेल इंजिनांच्या केंद्रात किंवा भार प्रेषण केंद्रात (कुठल्या वीजकेंद्राने केव्हा किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कार्यालयात) काम केलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

केरळची स्वतःची वीज मुख्यतः पाण्यावरची, त्यामुळे नव्वदच्या दशकात पावसाने ओढ दिली की टंचाई ठरलेली असे. त्या काळात राज्य वीज मंडळाने कोचीजवळ ब्रह्मपुरम येथे (1997) आणि कोझिकोडजवळ नल्लळम येथे (1999) तेलावरच्या इंजिनांची केंद्रे उभारली. त्यांची मूळ क्षमता अनुक्रमे 106.6 आणि 128 मेगावॉट. तेलाची वीज महाग, म्हणून मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमात, ती तळाला. त्यातच 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले आणि बाहेरची स्वस्त वीज आणण्याची वाट रुंदावली.

तरीही अशी केंद्रे राखण्याच्या बाजूने सांगितले जाते की इंजिन काही मिनिटांत भार घेते, म्हणजे वीज पुरवू लागते, आणि ग्रिड कोसळले तरी बाहेरच्या विजेवाचून सुरू होते, म्हणजेच ब्लॅक स्टार्ट देते. माझी शंका नेमकी इथे आहे. तिथले मुख्य इंधन एलएसएचएस, म्हणजे कमी गंधकाचे जड तेल, गार झाले की मेणासारखे थिजते. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या वाफेने तापत्या ठेवल्या नाहीत तर ते पुढे सरकणारच नाही. मग महिनोन्‌महिने बंद असलेल्या केंद्रात ही ऊब सतत राखतात का, आणि तिचा खर्च स्थिर आकारात, म्हणजे वीज घेतली नाही तरी केंद्रासाठी मोजायच्या रकमेत, धरतात का? की हलक्या डिझेलवर इंजिन सुरू करून, तेल तापल्यावर जड इंधनावर नेतात? तसे असेल तर अंधारात बुडालेल्या ग्रिडमध्ये तेल तापवणारा बॉयलर आणि पंप यांना वीज कोण पुरवते?

दुसरे असे, की तसेच झटपट सुरू होणारे 780 मेगावॉटचे इडुक्की जलविद्युत केंद्र हाताशी असताना नल्लळमचे महत्त्व मलबारकडचे (उत्तर केरळातले) व्होल्टेज सांभाळण्यापुरते उरते, असा माझा कयास आहे. तो चुकीचा असल्यास जरूर सांगावे. आपल्याकडे संध्याकाळची वाढलेली मागणी कोयना सांभाळते, त्यामुळे तुलनेला जवळचे उदाहरण मिळेना.

नियमपुस्तिकेतले वर्णन वाचले आहे. प्रत्यक्ष पाळीवर काय करत असत, ते कोणी लिहिले तर फार उपयोग होईल.