मध्येच सुटलेले काम पुन्हा कसे हाती घेता?

टिपण लिहीत असताना फोन वाजतो, तो संपेपर्यंत कोणीतरी टेबलापाशी येऊन उभे राहते, आणि पुन्हा पडद्याकडे वळल्यावर आपण कोणत्या वाक्यापाशी होतो हे आठवण्यातच वेळ जातो, हा अनुभव कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही नवा नसावा. ग्लोरिया मार्क या संशोधिकेने कचेरीतल्या माणसांचे दिवसभर जवळून निरीक्षण केले, तेव्हा खंडित झालेल्या कामाकडे परतायला सरासरी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो असे दिसले. हा वेळ चित्त थाऱ्यावर आणण्यात जातो, असे या निष्कर्षाबद्दल पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात तो मुख्यतः मध्ये शिरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या कामांत जातो. म्हणून मला एकाग्रतेपेक्षा परतण्याची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते.

माझी सवय साधी आहे. फोन उचलण्यापूर्वी मी कागदावर पुढची कृती लिहितो: ‘तक्ता ३ मधील मुदत जुन्या पत्राशी ताडणे’. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम अर्धवट टाकून दुसरे घेतले, तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी, काम सोडताना ‘परत आल्यावर कुठून सुरू करायचे’ एवढे टिपून ठेवल्यास ही ओढ कमी होते, असे मांडले. मी ते वाचण्याच्या कितीतरी आधीपासून, निव्वळ विसरभोळेपणामुळे, हे करत होतो. तुमचे अनुभव अवश्य लिहा. फसलेले प्रयोगही लिहा.

लेखा विभागातून

बँक आणि खातेवही यांचा ताळमेळ घालण्याचे काम एका बैठकीत क्वचितच संपते. पूर्वी मी जिथे थांबले ती ओळ एक्सेलमध्ये पिवळी करून ठेवत असे. काही महिन्यांनी लक्षात आले की सुरुवातीच्या पानांवर पिवळ्याचा अर्थ ‘शंका आहे’ असा होता आणि नंतरच्या पानांवर ‘तपासून झाले’ असा, आणि हा बदल मी कधी केला ते मलाच सांगता येत नव्हते. त्यानंतर शेवटी ‘कुठवर’ नावाचा एक स्तंभ जोडला व त्यात तारखेसह एक वाक्य लिहू लागले. तारखेसाठी आधी ‘टुडे’ हे सूत्र वापरले होते, ही दुसरी चूक. कारण ते सूत्र दररोज स्वतःला अद्ययावत करते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तेव्हा माझी सगळी जुनी कामे आजच झालेली दिसत होती. आता कंट्रोल आणि अर्धविराम या कळा एकत्र दाबून तारीख टाकते. ती जागची हलत नाही.

सॉफ्टवेअर विकसक

फ्रान्सेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावरून आखलेली २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांतीची पद्धत मी वर्षभर निष्ठेने पाळली. कंटाळवाण्या कामांना ती उत्तम आहे. अवघड दोष शोधताना मात्र सगळे दुवे डोक्यात जुळेपर्यंतच वीस मिनिटे जातात आणि मग घंटा वाजते. आता मी फक्त संध्याकाळचा थांबा नियमाने पाळतो: निघण्यापूर्वी मुद्दाम एक नापास होणारी चाचणी (प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) लिहून ठेवतो. सकाळी चाचण्या चालवल्या की लाल ओळच सांगते, इथून सुरू कर.

स्वागतकक्ष आणि आस्थापना विभागातून

वरचे सगळे वाचून थोडे स्पष्ट लिहिते. दार बंद करा, फोन मूक ठेवा, हा अशा वेळी नेहमी मिळणारा सल्ला ज्यांना दार आहे त्यांच्यासाठी आहे. माझ्याकडे माणसे येतात, कारण त्यांनी यावे म्हणूनच मला तिथे बसवले आहे, आणि त्यांच्या येण्याला व्यत्यय म्हणणे मला पटत नाही.

तरीही पगारपत्रक मलाच करावे लागते. बरीच वर्षे ते मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तरे देत देत करत असे, आणि दर महिन्याला एखाद्याची रजा दोनदा वजा होई. शेवटी मी कामांची विभागणी तातडीनुसार करणे सोडले आणि ‘तुटली तर चालतील’ व ‘तुटली तर बिघडतील’ असे दोन गट केले. पत्रांची आवक नोंदवणे, पाकिटे तयार करणे, साहित्याची मागणी लिहिणे ही पहिल्या गटातील कामे दिवसभर समोर ठेवते. ज्यांत आकडे एकावर एक चढतात ती सगळी कामे सकाळी, लोक यायला लागण्यापूर्वीच्या पाऊण तासात करते. बेरीज चालू असताना कोणी आलेच, तर हाताने ‘एक क्षण’ अशी खूण करून आतापर्यंतची बेरीज पेन्सिलीने लिहिते आणि मगच मान वर करते. पाच सेकंद थांबावे लागल्याबद्दल आजवर कोणी रागावलेले नाही. मी मात्र अनेक वर्षे ती पाच सेकंदे मागायला संकोचत होते.

गटप्रमुख

माझा अनुभव उलट बाजूचा आहे. गटातील काम वेळेत का होत नाही हे शोधण्यासाठी आठवडाभर स्वतःचे निरोप मोजले. ‘एक मिनिट आहे का?’ हे वाक्य मी ३१ वेळा पाठवले होते. आता प्रत्येक सहकाऱ्यासाठी वहीत एक पान आहे. सुचलेला प्रश्न तिथे उतरवतो आणि चार वाजता एकत्र विचारतो. काही प्रश्न तोवर आपोआप सुटलेले असतात. एका सहकाऱ्याची तक्रार रास्त आहे की त्यामुळे चारनंतरचा वेळ फारच जड झाला. त्यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.

प्रकल्प समन्वयक

कामांची यादी ठेवण्यासाठी पाच वर्षांत चार ॲप बदलली. प्रत्येक स्थलांतरात जुनी यादी जशीच्या तशी नव्या घरात नेली. शेवटच्या वेळी तिच्यात २१२ नोंदी होत्या आणि निम्म्याहून अधिक ओळी नुसत्या नामांच्या होत्या: ‘वार्षिक अहवाल’, ‘संकेतस्थळ’, ‘प्रशिक्षण’. ही कामे नव्हेत, कामांची नावे आहेत. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलेले, अपुरी कामे मनात अधिक टिकून राहतात हे निरीक्षण अनेकांना ठाऊक असते. पण मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचा २०११ चा अभ्यास मला जास्त उपयोगी पडला, कारण काम पूर्ण न करताही, ते कसे करायचे याचा निश्चित बेत आखला की मनातली टोचणी कमी होते, असे त्यात आढळले. आता माझी यादी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये असते आणि प्रत्येक ओळ क्रियापदावर संपते. क्रियापद सुचत नसेल, तर ते काम माझे नसते किंवा मला कळलेले नसते.

पुन्हा लेखा विभागातून

‘कुठवर’ स्तंभाविषयी एक पुस्ती जोडते. गेल्या वेळी तीन आठवड्यांच्या रजेवर जाताना सहकाऱ्याला तो स्तंभ समजावून दिला होता आणि रोज न चुकता भरायला सांगितले होते. परत आल्यावर पाहिले, तर त्याने खरोखर एकही दिवस चुकवला नव्हता. प्रत्येक ओळीत बिनचूक तारीख होती आणि तिच्यापुढे लिहिले होते, ‘पुढे पाहावे’.