उंबऱ्यावरच्या फोटोचं काय?
फोटो काढण्याबद्दल 'रस्त्यावर आलं की खासगीपणा संपला' असं म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या गर्दीचा फोटो काढायला प्रत्येकाची परवानगी लागत नाही, मान्य. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई बघा. शरीराच्या खासगी भागाचा फोटो संमतीशिवाय काढला किंवा पसरवला, तर 'जागा सार्वजनिक होती' एवढी सबब पुरत नाही. ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि उंबऱ्याचं काय? आमच्या पूर्व भागात बायका दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. रस्त्यावरून दिसतात, पण बसलेल्या असतात आपल्याच घरात. मागे एकाने गल्लीतून मोबाइल रोखला, तशी शेजारच्या मावशींनी हातातली पानं टाकून पदर तोंडावर ओढला. कलम लागू होवो न होवो, मला ते बघवलं नाही. फोटो पुसायला लावला त्याला.