रुग्णालयांनी आपल्या जंतुसंसर्गाचे आकडे दर्शनी भागात लावावेत का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता):

गेल्या वर्षी माझ्या वडिलांवर खुब्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप चढला, लघवीसाठी घातलेल्या नळीवाटे शिरलेला जंतू रक्तात पोचला आणि आठवड्याचा मुक्काम सव्वीस दिवसांवर गेला. कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, अहवालात क्लेबसिएला नावाचा जंतू होता आणि बहुतेक प्रतिजैविकांपुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे त्यांना दाद न देणारा, असे छापलेले होते. ‘वयामुळे होते असे’, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. वडील चालू लागल्यावरही नळी का ठेवली होती, याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

दाखल होताना शरीरात नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग रुग्णालयजन्य मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतील रुग्णालयांत दर १०० रुग्णांमागे ७ जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तो होतो, आणि अशा दहा रुग्णांपैकी सरासरी एक दगावतो.

खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, अशी अपेक्षा आपल्या राज्यात आहे. त्याच भिंतीवर संसर्गाचा आकडाही लावणे सक्तीचे करावे, असे माझे मत आहे. इंग्लंडमध्ये २००१ पासून रक्तातील एमआरएसए या अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूच्या संसर्गाची नोंद प्रत्येक सरकारी रुग्णालयाला सक्तीची झाली, २००४ मध्ये तो २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले आणि ते गाठलेही गेले. आकडा लोकांसमोर आला की व्यवस्थापनाला झोप लागत नाही, आणि ती लागू नये.

रात्रपाळी:

कृष्णाकाठ यांच्या वडिलांना जे सोसावे लागले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही मी या सूचनेला विरोध करते. मी चौदा वर्षे परिचारिका आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. माझ्या कक्षात रात्री चाळीस रुग्णांना आम्ही दोघी असतो. प्रत्येक रुग्णाजवळ रात्रभरात फक्त चार वेळा जायचे आणि जाण्यापूर्वी व नंतर वीस सेकंद हँडरब चोळायचा म्हटले, तरी एकीचे एकशे साठ वेळा हात स्वच्छ करणे होते, म्हणजे पाऊण तासाहून अधिक वेळ केवळ त्यातच जातो. इंजेक्शने, सलाईन, ड्रेसिंग, नोंदी हे सारे त्याखेरीज करायचे असते.

म्हणूनच आमच्याकडे शुश्रूषेचा मोठा भाग नातेवाईकच करतात. कूस बदलणे, अंग पुसणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे मुलगा किंवा सून करते, आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा वर उचलू नये हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. शेजारच्या खाटेवरच्या आजीलाही त्याच हातांनी पाणी पाजले जाते. ही माणुसकीच आहे, तिला मी दोष देणार नाही. पण भिंतीवरचा आकडा वाढला की जाब मात्र ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारला जाईल, रिकाम्या जागा वर्षानुवर्षे न भरणाऱ्याला नव्हे.

सूक्ष्मदर्शी:

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर आहे आणि माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. जिथे कल्चर पाठवलेच जात नाही तिथे संसर्ग शून्य असतो. प्रतिजैविक सुरू केल्यानंतर रक्ताचा नमुना घेतला तर त्यात अनेकदा काहीच उगवत नाही, आणि तेही कागदावर शून्यच ठरते. उलट जे रुग्णालय ताप येताच नमुने घेते आणि दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस) किती संसर्ग झाले याचा प्रामाणिक हिशेब ठेवते, त्याचाच आकडा मोठा दिसेल. शिवाय लहान दवाखान्यांतून हाताबाहेर गेलेले रुग्ण शेवटी मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात येतात, अनेकदा प्रतिरोधक जंतू घेऊनच. इंग्लंडमध्ये नोंद सक्तीची झाली तेव्हा त्या रुग्णालयांच्या पाठीशी प्रयोगशाळा होत्या. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी तशी सोय कितीशी आहे?

कृष्णाकाठ:

सूक्ष्मदर्शी यांचा आक्षेप मला पटतो, म्हणून सूचना बदलतो. नुसता दर लावू नये. महिन्यात किती कल्चर पाठवली आणि प्रत्येक पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, हेही त्याच फलकावर असावे, म्हणजे शून्याचा अर्थ वाचणाऱ्याला कळेल आणि जाब योग्य माणसाला विचारता येईल. मात्र आकडाच नको, हे मला मान्य नाही. आमच्या बाबतीत चूक कुठे झाली हे शोधण्यासाठी फाईलखेरीज काहीच हाती नव्हते, आणि फाईलमध्ये नळी घातल्याची तारीख होती, ती रोज तपासल्याची नोंद नव्हती.

रात्रपाळी:

परिचारिकांची संख्या फलकावर येणार असेल, तर तेवढ्या भागाला माझा पाठिंबा आहे. संसर्गाच्या आकड्याबाबत माझे मत बदललेले नाही; संसर्ग कमी होतो तो कामाच्या पद्धतीने, फलकाने नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्याचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी) घालताना पाच साध्या गोष्टी पाळल्या गेल्या, त्यांत हात धुणे आणि गरज संपलेली नळी काढणे याही होत्या. रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण (निम्मे विभाग ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात ते) तीन महिन्यांत १००० नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आले. आकडे त्या-त्या विभागाला नियमित कळवले जात. आणि पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला होता. माझ्या चौदा वर्षांत असा अधिकार मला कोणी लेखी दिलेला नाही. सकाळच्या राउंडला ‘सर, या पेशंटची नळी आज काढू का?’ असे मी विचारते, आणि ‘राहू दे’ असे उत्तर आले की ती राहते.